हवामान बदललं तेव्हा समाजांचं काय झालं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या शाळा-महाविद्यालयांतली व्याख्यानं, कान्हेरीच्या फेऱ्या आणि त्यानंतर येणारे फोन-मेसेज यांतून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले सोळा निवडून इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हवामान बदललं की संस्कृती बुडते, हे खरं का? थोडक्यात सांगा.

अर्धं खरं आहे. पाऊस किती पडेल हे हवामान ठरवतं. उपाशी कोण राहील हे मात्र कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, शेतसारा माफ होतो की नाही, रस्ता आणि बाजार चालू आहे की बंद, यावर ठरतं. एकाच दुष्काळात एक राज्य कोलमडतं आणि शेजारचं तग धरतं, असं इतिहासात पुष्कळदा घडलंय. म्हणून कोणी ‘अमुक साम्राज्य दुष्काळाने संपलं’ म्हणालं, की तेव्हा राज्य कसं चालत होतं हे लगेच विचारावं. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे, तो प्रश्न ११ मध्ये दिला आहे.

२. पाऊस मोजायला लागून दोनशे वर्षंही नीट झाली नाहीत. मग चार हजार वर्षांपूर्वीचं हवामान कळतं कसं?

निसर्गाने ठेवलेल्या नोंदींवरून. चुनखडीच्या गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून खडकाचे खांब तयार होतात आणि ते थरावर थर चढत वाढतात. पाऊस जोरदार असला की त्या थरातल्या हलक्या आणि जड ऑक्सिजनचं प्रमाण एक प्रकारचं असतं, पाऊस रोडावला की वेगळं. थराचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढता येतं. मेघालयात चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुहेतल्या अशा एका खांबात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली. तिच्यावरून भूशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं. आपल्या देशातल्या एका गुहेवरून जगाच्या कालगणनेतला टप्पा ठरला, हे फारच थोड्यांना माहीत असतं.

झाडाच्या खोडातली वर्षावळी (दर वर्षी वाढणारी कडी), तळ्याच्या तळाचा गाळ, त्यातले परागकण ही आणखी साधनं. महाराष्ट्रात लोणार सरोवराचा गाळ यासाठी मोलाचा ठरला. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर बाहेरच्या नद्यांपासून तुटलेलं आहे, त्यामुळे पाऊस कमी-जास्त झाला की तळ्याची पातळी आणि खारटपणा लगेच बदलतो आणि तो बदल गाळात उतरतो. त्या गाळात सुमारे अकरा हजार वर्षांचा मान्सून वाचता येतो आणि साडेचार ते चार हजार वर्षांपूर्वीचा कोरडा काळ त्यातही दिसतो.

प्रत्यक्ष उपकरणांच्या नोंदी म्हणाल, तर मुंबई नशीबवान आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली.

३. सिंधू संस्कृती दुष्काळाने संपली, असं आता मुलं शाळेतून शिकून येतात. बरोबर आहे का?

‘संपली’ या शब्दाला माझी हरकत आहे. इ.स.पू. २६०० ते १९०० हा तिथल्या मोठ्या शहरांचा काळ. ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून ढिला पडला, तो याच काळाच्या मध्यावर. म्हणजे पाऊस कमी झाल्यावरही शहरं कित्येक पिढ्या चालू होती. नंतर शहरं ओस पडली, लिपी आणि ठरावीक वजनं वापरातून गेली, पण माणसं नाहीशी झाली नाहीत. ती सौराष्ट्राकडे, गंगा-यमुनेच्या वरच्या भागाकडे सरकली, लहान गावांत राहिली आणि कमी पाण्यावर येणारी भरड धान्यं जास्त पिकवू लागली.

कच्छमधलं धोलावीरा पाहा. दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये वसलेलं शहर, ओढ्यांवर बांध आणि तटाच्या आत दगडात खोदलेले, बांधलेले प्रचंड हौद. पाणी कमीच असणार हे धरूनच त्या लोकांनी शहर आखलं होतं. शहर सोडलं तेव्हा ते पळाले असं म्हणण्यापेक्षा, शहर चालवण्याचा खर्च परवडेनासा झाला असं म्हणणं मला जास्त पटतं.

४. महाराष्ट्रातलं उदाहरण द्या. नेहमी हडप्पा आणि माया संस्कृतीच का?

इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं.

इ.स.पू. १४०० ते १००० या काळात तिथे ऐसपैस चौकोनी घरं होती, कुडाच्या भिंतींची. त्यातलं एक घर पाच खोल्यांचं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. गावच्या मुख्याचं घर ते असावं. जवळच पाण्यासाठी खोदलेला पाट आणि बांध. सातू हे मुख्य पीक, थोडा गहू, गोठ्यात गाईगुरं.

इ.स.पू. १००० नंतरच्या थरात चित्र पालटतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. गहू कमी होतो, गाईगुरांची हाडं कमी होतात, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीची हाडं वाढतात. भांडी पूर्वीसारखी सफाईदार राहत नाहीत. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्तीच थांबते. ढवळीकरांनी याचा अर्थ वाढत्या अवर्षणाशी जोडला. शेती परवडेना म्हणून लोक अर्धभटके झाले, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. गोल झोपडी म्हणजे गरिबीच असं का धरायचं, हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. तरीही मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण इथे राजे-लढाया काहीच नाहीत. चूल, गोठा आणि कोठार एवढ्यावरून बदल वाचायचा आहे.

५. मुंबईत अशा खुणा आहेत का? इथे तर सगळा भराव आहे.

भरावाखाली आहेत. १८७० च्या दशकात माझगावजवळ प्रिन्सेस डॉकसाठी खोदाई चालू होती (गोदी १८८० मध्ये सुरू झाली), तेव्हा मजुरांना चिखलात झाडांची खोडं लागली. वाहून आलेले ओंडके नव्हते ते. मुळांसकट, जागच्या जागी उभी असलेली खोडं, बहुतेक खैराची. खैर हे कोरड्या जमिनीवरचं झाड, खाऱ्या पाण्यात वाढत नाही. आणि हे जंगल होतं ओहोटीच्या पातळीच्याही खाली.

म्हणजे जिथे आज बंदर आहे तिथे एके काळी खैराचं रान होतं. जमीन खचली की समुद्र चढला? मुंबईपुरतं बोलायचं तर तेव्हाच्या भूशास्त्रज्ञांचा कल जमीन खचल्याकडे होता. जगभरचा हिशेब मात्र असा : सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता आणि आपला किनारा खूप दूर पश्चिमेला होता. बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावलं. जगातल्या खाडीकाठच्या वस्त्या, बंदरं, भातखाचरं, मिठागरं ही सगळी या स्थिरावलेल्या समुद्राच्या भरवशावर उभी राहिली. सोपारा, कल्याण, चौल ही आपली जुनी बंदरंही त्यात आली.

६. कान्हेरीला प्रत्येक लेण्याशेजारी पाण्याचं टाकं आहे. तेव्हा मोठा दुष्काळ होता का?

नाही, हा तर्क सैल आहे. मुंबईत सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगरावर थेंब नाही. भिक्षू वर्षभर राहायचे, तर पाणी साठवणं भागच होतं. लेण्याच्या माथ्यावर कातळात बोटभर खोलीच्या पन्हाळी खोदल्या आहेत, पावसाचं पाणी त्यांतून वळवून टाक्यात सोडलं आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय आणि ती खोदायला दान देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी दिसतात. ही व्यवस्था दर वर्षीच्या उन्हाळ्यासाठी आहे. बदललेल्या हवामानाचा पुरावा म्हणून ती वापरू नये. मात्र अशी सवय असलेला समाज दुष्काळात जास्त दिवस तगतो, एवढं म्हणता येतं.

७. मग मोठी तळी आणि कालवे बांधले की समाज सुरक्षित झाला, असंच ना?

कंबोडियातल्या अंगकोरला तसंच वाटलं असणार. तिथले तलाव आणि कालवे त्या काळच्या जगात अजोड होते. व्हिएतनामच्या डोंगरातल्या झाडांच्या वर्षावळी सांगतात, की चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या सुरुवातीपर्यंत तिथे लांबलचक अवर्षणं पडली आणि मधूनच धुवांधार पावसाची वर्षं आली. कोरड्या वर्षांसाठी कालव्यांत फेरबदल केले, पुरात ते फुटले आणि गाळाने भरले. जितकी व्यवस्था मोठी आणि एकमेकांत गुंतलेली, तितकी ती दुरुस्त करायला अवघड. त्यात सयामशी लढाया चालू होत्याच. राजधानी पुढे दक्षिणेला सरकली.

८. ‘लहान हिमयुग’ म्हणतात ते काय? शिवकाळात सह्याद्रीवर बर्फ पडायचा का?

नाही, बर्फाचा संबंध नाही. साधारण १३०० ते १८५० या काळात उत्तर गोलार्धाचं तापमान थोडं उतरलं होतं. युरोपात हिमनद्या पुढे सरकल्या, लंडनची थेम्स नदी काही हिवाळ्यांत गोठली. आपल्याकडे याचा परिणाम थंडीपेक्षा पावसावर जाणवला. समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक बदलला की मान्सूनचं गणित बिघडतं. या काळात लागोपाठ पाऊस हुकल्याची वर्षं पुष्कळ दिसतात.

त्यातला सर्वांत आठवणीत राहिलेला म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ. परंपरा त्याचा काळ १३९६ ते १४०७ असा सांगते. बारा वर्षं सलग पाऊसच नव्हता असं मानायची गरज नाही. एवढ्या काळात गावं उठली ती उठलीच, आणि शिवारांच्या हद्दी कोणाला आठवेनाशा झाल्या, हे महत्त्वाचं. बहमनी राज्याने पुढे दादू नरसू काळे नावाच्या कारभाऱ्याला वसाहत लावायला पाठवलं, असं जुन्या बखरींच्या आधाराने इतिहासकार लिहितात. पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याच्या तोबऱ्याएवढं धान्य. उजाड मुलूख पुन्हा कसा लागवडीला आणायचा, याची जी रीत दख्खनमध्ये पुढे तीनशे वर्षं दिसते, तिचं हे जुनं उदाहरण.

९. १६३० चा दुष्काळ एवढा भयंकर का झाला? शिवरायांच्या जन्माचंच ते वर्ष ना?

हो. फेब्रुवारी १६३० मध्ये शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला आणि त्याच वर्षीचा पावसाळा गुजरात-दख्खनमध्ये कोरडा गेला. पुढच्या वर्षी उलट अतिवृष्टीने उभं पीक नेलं. पण नुसता पाऊस धरून हिशेब लागत नाही. त्याच वेळी शहाजहानची फौज दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होती. एवढ्या माणसांचं आणि जनावरांचं पोट त्याच मुलखातून भरत होतं. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणं जाळून उजाड केलं, तेही याच सुमारास. बादशहाने बुऱ्हाणपुरात अन्नछत्रं उघडली, साऱ्यात सूट दिली. ती मदत मेलेल्यांच्या संख्येपुढे अपुरी पडली. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेलेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी याने वाटेवर पडलेल्या प्रेतांचं वर्णन लिहून ठेवलंय.

देहूत तुकोबांचं दुकान याच दुष्काळात बसलं. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. सावकारी असलेल्या घराची ही गत, तर ज्यांची शेतीही नव्हती त्यांची काय झाली असेल, हा विचार मला नेहमी थांबवतो.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पडीक जमिनीला कौल दिले गेले : सुरुवातीला नाममात्र सारा, मग दर वर्षी थोडा वाढवत पूर्ण दरावर. याला इस्तावा म्हणत. स्वराज्याचा पाया ज्या मावळात घातला गेला तो मावळ असा पुन्हा वसवलेला होता. दुष्काळाने स्वराज्य घडवलं, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण उजाड झालेल्या मुलखात जो रयतेला उभं करतो त्याच्यामागे रयत उभी राहते, हे त्या पिढीने अनुभवलं होतं.

१०. एल निनो आला की दुष्काळ पडतोच का? आणि इंडोनेशियातल्या ज्वालामुखीचं काय?

‘पडतोच’ असं नाही. प्रशांत महासागराचा पूर्व भाग नेहमीपेक्षा तापला की पावसाचे ढग तिकडे सरकतात आणि आपला मान्सून बहुधा दुबळा होतो. १८७७, १८९९, १९७२ ही एल निनोची वर्षं आणि तिन्ही आपल्याला दुष्काळामुळे माहीत आहेत. पण १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत जोरदार घटनांपैकी एक असूनही देशात पाऊस सरासरीएवढा झाला. हिंदी महासागराचं तापमान तेव्हा आपल्या बाजूने होतं. गंमत म्हणजे या साखळीचा शोध लागला तोच भारतातल्या दुष्काळांमुळे. १९०४ पासून हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे पडताळत होते आणि त्यातून प्रशांत-हिंदी महासागरांमधला हवेच्या दाबाचा झोका त्यांच्या हाती लागला.

ज्वालामुखीचं काम वेगळं. मोठ्या स्फोटात गंधकाचे कण फार उंच जातात आणि वर्ष-दोन वर्षं ऊन अडवतात. एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा फुटला, १८१६ मध्ये युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिकं गेली. मान्सूनही विस्कळीत झाला. असे धक्के मात्र थोडक्या वर्षांचे असतात. शतकभराच्या घसरणीचं कारण म्हणून एकच ज्वालामुखी पुढे केला तर सावध व्हावं.

११. १८७६ मध्ये लाखो माणसं मेली आणि १९७२ मध्ये नाहीत. १९७२ ला पाऊस जास्त होता का?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

१८७६ चा पावसाळा सोलापूर, नगर, सातारा, विजापूर, धारवाड या पट्ट्यात हुकला. मद्रास इलाख्यात, म्हैसुरात तर त्याहून वाईट. १८७८ पर्यंत देशभरात मेलेल्यांचा आकडा पन्नास लाखांच्या वर जातो. रेल्वे होती. धान्यही होतं, पण ते ज्याच्या खिशात पैसे त्याच्याकडे जात होतं. देशाबाहेर गहू-तांदूळ पाठवणं थांबलं नाही. बाजारात हात घालायचा नाही, हे सरकारचं धोरण होतं. १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला. त्याच महिन्यात दुष्काळी कामांवर देखरेखीला नेमलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली : दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. साडेचारशे ग्रॅम धान्यावर दिवसभर खडी फोडायची. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीविरुद्ध कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी तिचे आघाडीचे कार्यकर्ते, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे आकडे मांडले. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड १८७९ चं. दुष्काळातली दैना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सरकारने १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आणला, त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली.

१९७२ ला येऊ. त्याआधीची दोन वर्षंही महाराष्ट्रात तूटच होती, म्हणजे लोक आधीच खंगलेले. विहिरी आटल्या, गुरं मेली किंवा कवडीमोलाने विकली गेली. धान्याचं उत्पादन निम्म्याच्या आसपास आलं. पाऊस कुठल्याही अर्थाने ‘चांगला’ नव्हता. पण मागेल त्याला काम देण्याचा निर्णय झाला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पसरली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास पन्नास लाख माणसं एकाच वेळी कामावर होती : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. परदेशातून आणलेला तांबडा मिलो (ज्वारीचाच एक प्रकार) रेशनवर मिळायचा, मुलांना सुकडी वाटायचे. ज्यांनी ते खाल्लं ते आजही त्या मिलोची चव सांगताना तोंड वाकडं करतात. पण ते सांगायला आहेत, हा फरक आहे.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट. तुमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला दोनशे रुपये ‘व्यवसाय कर’ कापलेला दिसतो, फेब्रुवारीत तीनशे. तो १९७५ मध्ये लागू झाला तो याच योजनेला पैसा पुरवण्यासाठी. शहरातल्या नोकरदाराने कोरडवाहू गावातल्या मजुराची मजुरी भरायची, असा तो करार होता. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तो नमुना ठरला.

१२. कोकणात पाऊस धो धो पडतो. मग गिरणगावात सगळ्यांत जास्त माणसं रत्नागिरीची का?

कारण स्थलांतर म्हणजे दुष्काळ, हे समीकरण चूक आहे. लालबाग-परळला आलेल्या कोकण्यांना अवर्षणाने हाकललं नव्हतं. तुकड्या-तुकड्यांची जमीन, कातळावरची वरकस (हलक्या जमिनीची) शेती, डोक्यावर खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार. खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, यावरून तिचा जाच कळावा. भाताचं एक पीक घेतलं की आठ महिने हाताला काम नाही आणि बोटीने मुंबई जवळ. चाकरमानी मनीऑर्डर धाडायचा आणि गणपतीला गावी जायचा, कारण गाव सुटलेलं नव्हतं.

घाटावरून येणाऱ्यांचं वेगळं. नगर, सातारा, सोलापूर भागातून मुंबईत येणाऱ्यांची संख्या दुष्काळाच्या वर्षी वाढायची आणि चांगला पाऊस झाला की काही परतायचे. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिथून पूर्वेला, सातारा जिल्ह्यातच, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पर्जन्यछायेतल्या त्या पट्ट्यात पावसात थोडी घट झाली तरी पीक जातं. कोकणात तेवढी घट कळतही नाही.

१३. बदललेल्या हवामानाचा कोणाला फायदाही झाला असेल ना?

झाला. मंगोलियातल्या झाडांच्या वर्षावळीनुसार १२११ ते १२२५ ही वर्षं तिथे असाधारण पावसाची आणि उबदार होती. गवत मुबलक, म्हणून घोडे मुबलक. चंगीझखानाच्या मोहिमांचा हाच काळ. गवतामुळे साम्राज्य उभं राहिलं असं नाही, पण त्याशिवाय एवढी घोडदळं पोसली नसती.

कधी टंचाईतून कायमची सोय होते. १८५० च्या दशकात मुंबईतल्या विहिरी आणि तलाव आटून पाण्याचे हाल झाले. त्यानंतर मिठी नदीच्या उगमाकडे विहार तलाव बांधला गेला आणि १८६० मध्ये शहराला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. मग तुळशी, मग तानसा. ज्या खोऱ्यांचं पाणी मुंबईत आलं तिथल्या पाड्यांना काय मिळालं, हा हिशेब अजून बाकी आहे.

१४. पाऊस बरा असतानाही दुष्काळाने माणसं मेली, असं होतं का?

होतं. १९४३ चा बंगाल. सुमारे तीस लाख माणसं गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरच्या किनाऱ्याला चक्रीवादळाने झोडपलं होतं हे खरं, पण देशाच्या जुन्या दुष्काळांसारखं मोठं अवर्षण तिथे नव्हतं. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ थांबला, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने नावा काढून घेतल्या, युद्धखर्चाने भाव भडकले आणि साठेबाजी झाली. भूमिहीन मजूर आणि कोळ्यांची मजुरी भावाच्या मागे पडली. अमर्त्य सेन यांनी दाखवलं, की १९४१ मध्ये पीक त्याहून कमी होतं, तरी तेव्हा असा दुष्काळ पडला नाही.

उलटही होतं. सरकारदरबारी ‘दुष्काळ’ ठरतो तो केवळ पावसावर नाही. आपल्याकडे पिकाची पैसेवारी (नेहमीचं पीक रुपयाएवढं धरलं तर यंदाचं किती पैसे, हा सरकारी अंदाज) पन्नास पैशांच्या खाली आली की गाव टंचाईग्रस्त धरायची जुनी रीत. त्यामुळे सरकारी कागदातल्या दुष्काळाच्या याद्या म्हणजे पावसाची नोंद, असं समजू नका.

१५. हवामान आधीही बदलत होतं. मग आताच एवढी चिंता कशाला?

कारण आधीचे बदल बहुतेक सूर्य, ज्वालामुखी, सागरप्रवाह आणि पृथ्वीची कक्षा यांनी घडवले होते. आताचा आपण घडवतो आहोत. कारखानदारीच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत २८० च्या आसपास होता, आज तो ४२० च्या वर आहे. लहान हिमयुगातला फरक जागतिक सरासरीत एका अंशाहून कमी होता आणि त्याने काय केलं ते वर आलंच आहे. आता आपण एक अंशाच्या वर गेलो आहोत, तेही दीडशे वर्षांत.

दुसरा फरक मुक्कामाचा. इनामगावची माणसं शेळ्यामेंढ्या घेऊन हलू शकली. मुंबईचे दोन कोटींच्या घरातले लोक कुठे हलणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७४. शहर तेच, दिवस तोच. एकच पाऊस ‘हवामान बदल’ सिद्ध करत नाही, पण मिठी नदीचं पात्र आवळल्यावर त्या पाण्याला जायला जागा नव्हती, एवढं तरी त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं.

१६. आमच्या घरी आजोबांचे मोडीतले कागद आणि जुन्या वह्या आहेत. त्यातून काही कळेल का?

कळेल, आणि म्हणून ते रद्दीत देऊ नका. अभ्यासकाला उपयोगी पडतात त्या अगदी साध्या नोंदी : पेरणी कोणत्या तिथीला झाली, नदीला पूर कधी आला, ज्वारीचा भाव काय होता, तगाई (सरकारी शेतीकर्ज) किंवा साऱ्याची सूट कधी मागितली, पेव (जमिनीतलं धान्याचं कोठार) कधी उघडलं, गुरं कोणत्या गावी चारायला नेली. तिथी-शक-संवत्सर नीट लिहिलेलं असेल तर इंग्रजी तारीख काढता येते. सुटे कागद एकमेकांपासून वेगळे करू नका, ज्या दप्तरात बांधलेले आहेत तसेच ठेवा. क्रमावरूनही वर्ष लागतं. आधी प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, कोऱ्या पाठीचाही, कारण पाठीवर बऱ्याचदा नंतरच्या कोणीतरी भाव टिपलेला असतो. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, ती कागद खाते. मोडी वाचणारे आता पुण्या-मुंबईत वर्गांमधून तयार होत आहेत, त्यांच्याकडून आधी फक्त तारखा आणि भाव वाचून घ्या. ते हाती आले की बाकीचा मजकूर कुठल्या वर्षाचा हे आपोआप सापडायला लागतं.